मावशीचा टायर कुठे घासतो

२ फेब्रुवारी

घासतो!

मिस्त्रीने गाडी दारात आणून उभी केली. दादाने किल्ली घेतली, आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि ऐटीत कोपऱ्यापर्यंत गेला. कोपऱ्यावर डावीकडे वळवली मात्र — कोरं मांजरपाट फाडताना येतो ना, तसा आवाज. चर्रर्र. समोरचा केशकर्तनवाला गिऱ्हाईक अर्धं भादरलेलं सोडून बाहेर आला.

बाबा व्हरांड्यात खुर्चीवर. मान वर न करता म्हणाले, "उजवा टायर. मडगार्डच्या मागच्या कडेला."

नुसत्या आवाजावरून!

दादा परत आला. उतरला. म्हणाला, "नवीन आहे ना, बसेल हळूहळू." टायर म्हणजे काय चप्पल आहे?

३ फेब्रुवारी

काल रागाच्या भरात अर्धवट लिहिलं. आज डोकं जागेवर आहे, नीट लिहिते.

गाडी म्हणजे मावशी. बाबांचा जुना छोटा ट्रक. गोल फुगीर मडगार्डं, पुढे एकच लांब सीट, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. उभा जन्म बाबांनी त्यात लोकांचं घरसामान हलवलं. या गावातलं निम्मं फर्निचर त्यांच्या हाताखालून गेलंय. आई होती तेव्हा ट्रकला सवत म्हणायची. आईची सवत ती आमची मावशी — हा हिशोब मी आणि दादाने लहानपणीच केला होता आणि तेच नाव राहिलं.

तर सात-आठ महिने झाले, बाबा मावशीत बसलेले नाहीत. गुडघा. "पायरी उंच आहे, पाय उचलत नाही," म्हणतात. आधी बाजार बंद झाला, मग मित्रांकडे जाणं, मग कोपऱ्यावरचा चहासुद्धा. दिवसभर व्हरांड्यातली खुर्ची. मला ते बघवत नाही. रेडिओ लावतात आणि ऐकतही नाहीत. दादा एकदा म्हणाला, "उगाच उभी आहे, विकून टाकू." त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

मग मला सुचलं. बाबांना मावशीपर्यंत चढता येत नाही, तर मावशीलाच बाबांपर्यंत खाली आणू! (दादा सगळ्यांना सांगत सुटलाय की ही त्याची कल्पना. माझी आहे. इथे तरी लिहून ठेवते.) मिस्त्रीने पुढे आखूड स्प्रिंगा घातल्या, मागे स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घातले आणि वीतभर खाली आणली. मिस्त्रीला वाटतं आम्ही पोरासोरांसारखी फॅशन करतोय. वाटू दे.

२३ तारखेला मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. बाबांचे जुने ड्रायव्हर दोस्त येणार. मी ठरवलंय, बाबा तिथे स्वतः गाडी चालवत जाणार. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बघू."

बघू नाही. जायचंच.

४ फेब्रुवारी

मिस्त्री आला. या माणसाची एक पद्धत आहे — कुठलंही काम बघायच्या आधी "नाही होणार" म्हणतो. मग वाकून बघतो. मग परत "नाही होणार" म्हणतो, पण जरा खालच्या आवाजात. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत हातात पाना आलेला असतो.

आज पहिलं नाही-होणार दारातच झालं. मग गाडीखाली शिरला. फक्त पाय बाहेर. पायांनीच बोलत होता म्हटलं तरी चालेल.

"ताई, गाडी खाली घेतली. चाक तेवढंच राहिलं. आता जागा मी कुठून आणू?"

म्हटलं, "कपड्यातही जागा नसते हो, काढावी लागते."

"कपडा उसवता येतो."

"मग मडगार्ड उसवा."

पाय गप्प झाले. बाहेर आला तेव्हा आणखी वाईट बातमी घेऊन. टायर बाहेरून घासतो ते घासतोच, आतून ब्रेकही घासतो. जुने ड्रम ब्रेक काढून आपण पुढे डिस्क ब्रेक बसवलेत ना — बाबा इतक्या महिन्यांनी चालवणार, ब्रेक चांगले हवेत, हा दादाचा आग्रह — त्या डिस्कला धरणारा जो लोखंडी चिमटा असतो, तो रिमला आतल्या बाजूने लागतो. हाताने चाक फिरवलं तर कर्र, कर्र.

मिस्त्रीने उपाय केला. चाक आणि हबच्या मध्ये जाड चकती घातली, बोल्ट लांब घातले. चाक बोटभर बाहेर आलं. चिमटा मोकळा! दादाने माझ्या हातावर टाळी दिली. गाडी कोपऱ्यापर्यंत नेली.

चर्रर्र. आता दोन्हीकडे वळताना.

चाक बाहेर आलं म्हणजे मडगार्डच्या आणखी जवळ गेलं, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तीन शहाणी डोकी!

५ फेब्रुवारी

दादाने मोबाइलवर व्हिडिओ बघितला. आता त्याला सगळं येतं.

७ फेब्रुवारी

आजची फजिती कुणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून इथे.

दादा सकाळी पोलादी पट्टी घेऊन हजर. "अंदाजपंचे कामं बंद. आज शास्त्रशुद्ध मोजमाप." गाडी जॅकवर चढवली. टायरपासून मडगार्डपर्यंत पुढे, मागे, मधे मोजलं. तो आकडे सांगायचा, मी लिहून घ्यायची, मिस्त्री विजेरी धरून. प्रत्येक ठिकाणी चार बोटं जागा! चार! दादा म्हणाला, "घासायला काही कारणच नाही." मिस्त्रीनेही मान डोलावली. म्हणाला, आधी चिखल बसला असेल कडेला, तो घासत असेल. चिखल खरवडून काढला. चिमूटभर निघाला. तिघंही खूश.

जॅक काढला. गाडी खाली आली आणि आमच्या डोळ्यांदेखत चार बोटांचं दीड बोट झालं. दादाने जाग्यावरच स्टिअरिंग फिरवलं. चर्रर्र.

अरे देवा. जॅकवर चढवलं की चाक खाली लोंबतं! जागा मोकळी दिसणारच. अंगावर वजन असताना मोजायला हवं होतं. आणि हे मला कळू नये? मी! इतकी वर्षं लोकांची मापं घेते. दुकानात पाय टाकला की गिऱ्हाईक पोट आत ओढतं, श्वास रोखतं, आणि मी काही न बोलता हवामानाच्या गप्पा काढते, ते श्वास सोडेपर्यंत. मगच टेप लावते. नाहीतर पँट दुसऱ्याच दिवशी परत येते. आणि आज मावशीचं माप टांगलेल्या अवस्थेत घेतलं!

बाबांना चहा द्यायला गेले. म्हणाले, "जॅकवर मोजलंत ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"जॅकचा आवाज झाला, मग तुम्ही तिघं हसलात, मग परत चर्रर्र. अजून काय कळायचं राहिलं?"

म्हटलं, एकदा येऊन बघा तरी. चार पावलांवर आहे. तर म्हणाले, "काय बघायचंय? ऐकू येतंय सगळं." आणि कप ठेवताना बशीच्या काठावर ठेवला, सगळा चहा मांडीवर. वर कपालाच दोष. पक्के हट्टी आहेत.

९ फेब्रुवारी

आता मापं मी घेणार. जाहीर करून टाकलं.

गाडी जमिनीवर, हौद्यात सामान भरून. माझा गुलाबी खडू घेतला — कापडावर खुणा करायचा — आणि मडगार्डच्या आतल्या कडेला भरपूर फासला. मग दादाला म्हटलं, दोन्हीकडे वळवून कोपऱ्यापर्यंत जाऊन ये. आला तेव्हा टायरला जिथे जिथे गुलाबी लागलं होतं, तिथे तिथे घासत होतं. इतकं साधं! सगळी कड नव्हेच, मागची वीतभर कड तेवढी.

ब्रेकच्या चिमट्याला खडू लावून उपयोग नाही, आत दिसत नाही. म्हणून स्वयंपाकघरातून मळलेल्या पिठाचा गोळा आणला, चिमट्यावर थापला, चकती काढून चाक बसवलं, हाताने एक फेरा दिला, चाक परत काढलं. जिथे जागा होती तिथे पीठ जाड राहिलं होतं. एका कोपऱ्यात पार कागदासारखं. म्हणजे अडचण तेवढ्या एका कोपऱ्याचीच.

मिस्त्रीने पीठ बोटाने दाबून बघितलं. म्हणाला, "आमच्याकडे असं करत नाहीत." मग जाताना हळूच, "एक खडू मिळेल का?"

वहिनीने पिठाचा गोळा शोधला. सापडला. त्यावर रिमचा काळा ठसा. "वन्सं, हे काय?" म्हणाली. मी म्हटलं, माप. रात्री सगळ्यांनी भात खाल्ला.

१० फेब्रुवारी

बाबांना ब्रेकचं सांगितलं. त्यांना डिस्क ब्रेक मुळीच मान्य नाहीत. "जन्मभर मी ड्रमवर चालवली. लागायचे की ब्रेक. जरा आधीच्या गल्लीपासून दाबायला सुरुवात करायची, एवढंच."

१२ फेब्रुवारी

पुष्कळ काम झालं. हात दुखतायत तरी लिहिते.

ब्रेकचं मिस्त्रीने सोडवलं, आणि चांगलं सोडवलं. "नाही होणार" फक्त दोनदा म्हणाला. चकती कायमची काढून टाकली. रिमच एक नंबर मोठी आणली आणि टायर त्या मानाने बारीक. बाहेरून चाक होतं तेवढंच उंच, पण आत चिमट्याला मोकळीक. जाड मोजा काढून पातळ घातला की जुन्या बुटात पाय बसतो, तसं. मी परत पीठ लावून बघितलं (या वेळी वहिनीला विचारून). सगळीकडे छान जाड. दोन सूत जागा तरी नक्की. वहिनीने स्वतः दाबून बघितलं आणि म्हणाली, "अजून थोडं पाणी हवं होतं."

मग मडगार्ड. कडेला आतून जी लोखंडी पट्टी असते ती आत वळवून सपाट करायची. कापडाची कड मुडपतो तशीच. फक्त कापड बिचारं ओरडत नाही. मिस्त्रीने टायर आणि कडेच्या मध्ये जाड लाकडी दांडा घातला. वहिनी स्टिअरिंगवर, मी आणि दादा मागून ढकलायला. गाडी इंच इंच पुढे, दांडा फिरतोय, कड दबतेय. मिस्त्री ओरडतोय, "हळू! हळू! सावकाश!" दादा ढकलतोय की टेकून उभा आहे, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दोन ठिकाणी रंगाचे टवके उडाले. पण कड अशी मुडपली गेलीय की बोट फिरवलं तरी लागत नाही. बोट फिरवून परत परत बघत होते. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत बसलं होतं.

१४ फेब्रुवारी

मी एकटीने गाडी चालवली. बाबांनी शिकवलेली, याच सीटवर. डावीकडे, उजवीकडे, खड्ड्यातून, गतिरोधकावरून. कुठेही आवाज नाही! उतरून दादाला मिठी मारली. तो म्हणाला, "मी सांगतच होतो."

मग दादा चालवायला बसला.

चर्रर्र.

मी बसले. आवाज नाही. दादा बसला. चर्रर्र. परत मी. नाही. परत दादा. चर्रर्र. केशकर्तनवाल्याने आता दाराबाहेर खुर्चीच टाकलीय.

दादाचं म्हणणं, मी पुरतं वळवत नाही. मी त्याच्यादेखत स्टिअरिंग अडेपर्यंत वळवून दाखवलं. मग त्याचं म्हणणं, रस्ता त्या बाजूला उतरता आहे.

मिस्त्री एवढा वेळ विडी ओढत उभा होता. म्हणाला, "साहेब, स्प्रिंग मी वजनावरून निवडली होती. तुम्ही तुमचं वजन ब्याऐंशी सांगितलं होतं ना?"

"हो, ब्याऐंशी," दादा म्हणाला.

वहिनी आभाळाकडे बघायला लागली. मी मडगार्डकडे.

१५ फेब्रुवारी

आता कागदापासून काय लपवायचं. ब्याऐंशी हे दादाचं कॉलेजातलं वजन आहे. त्याच्या पँटी मी शिवते. त्याला वाटतं त्याची कंबर अडतीस. मी अडतीस म्हणते आणि शिवते ती मला ठाऊक. आतून पट्ट्यात इलॅस्टिक घालते, वरून दिसत नाही. घरातल्या वजनकाट्यातला सेल वहिनीने कधीचाच काढून ठेवलाय. दादा दर महिन्याला म्हणतो, "काटा बिघडलाय, दुरुस्त करायला हवा." आम्ही म्हणतो, "हो, करायला हवा."

दादा हळवा आहे. लहानपणी त्याला शाळेत कुणी काही बोललं की दोन दिवस जेवायचा नाही, आणि मग दोन दिवसांचं एकदम जेवायचा. आम्ही सगळ्यांनी मिळून न बोलायचं ठरवलेलं. ठरवलेलं असं नाही, आपोआपच झालं. आणि त्या चांगुलपणाच्या हिशोबाने मिस्त्रीने स्प्रिंगा घातल्या!

पण बाबा गाडी चालवणार आणि शेजारी दादा बसणार. गाडी घासून चालणार नाही. कुणीतरी दादाला सांगायला हवं.

वहिनी: "वन्सं, तुम्ही सांगा. तुमचं रक्ताचं नातं."

मी: "तू सांग. तुझं जन्माचं."

शेवटी मिस्त्रीच पुढे झाला. मोठ्या अदबीने म्हणाला, "साहेब, तुम्ही कशाला सारखे वर-खाली करता? तुमच्या जागी आपण वाळूची पोती ठेवू." पंचवीस किलोचं एकेक पोतं. तीन पोती ठेवली, गाडी वळवली — आवाज नाही. दादा छाती काढून उभा. चौथं ठेवलं. नाही. मिस्त्रीने पाचवं अर्धं करून ठेवलं. चर्रर्र. हुबेहूब दादाचा आवाज.

दादा पोत्यांकडे बघत होता. ओठ हलत होते, बेरीज चालली होती. मग म्हणाला, "वाळू ओली असेल."

"असेल साहेब," मिस्त्री म्हणाला. तेवढ्यासाठी मी त्या माणसाला आयुष्यभर फुकट पँटी शिवून देईन.

संध्याकाळी दुकान आवरत होते तर दादा आला. कटाईच्या टेबलापाशी उभा राहिला. कात्री उचलली, ठेवली. म्हणाला, "टेप घे. खरं माप घे माझं." मी हवामानाच्या गप्पा काढायला लागले तर म्हणाला, "गप्पा नकोत. मी श्वास रोखलेला नाही."

घेतलं. सेहेचाळीस. म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"हो."

"हिला?"

"हो."

टेबलावर टेकला. मग हसायला लागला. असा हसला की टेबल हललं. मलाही आवरेना. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघं असे हसलो. मग डोळे पुसून म्हणाला, "त्या स्प्रिंगा बदलायला सांग मिस्त्रीला."

१६ फेब्रुवारी

दादाने काट्यात सेल घातला. सकाळी न्हाणीघरातून बराच वेळ आवाज नाही. मग बाहेर येऊन आकडा सगळ्यांना सांगितला, अगदी निकाल सांगावा तसा. जेवताना बाबांनी विचारलं, "काय रे, सांगून टाकल्यावर कसं वाटलं?"

"हलकं," दादा म्हणाला. आम्ही सगळे हसत सुटलो. बाबांनी फक्त मान हलवली आणि परत विचारलं, "खरंच?"

१८ फेब्रुवारी

जाड तारेच्या स्प्रिंगा आल्या. मिस्त्रीने खऱ्या वजनाने निवडल्या. उंची तीच राहिली, पायरी पूर्वीपेक्षा वीतभर खालीच, पण आता दादा बसला तरी गाडी दबत नाही. खड्ड्यात गाडी खाली आपटू नये म्हणून रबरी ठोकळेही बसवले. पूर्ण वळवल्यावर ब्रेकची नळी टायरला जेमतेम शिवत होती, तिला पत्र्याची पकड करून बाजूला बांधली. तिथे मी खडू लावून बघितला. मग मिस्त्रीने त्याचा स्वतःचा खडू लावून बघितला.

मग परीक्षा. दादा चालवायला, मी आणि वहिनी शेजारी, मिस्त्री हौद्यात उभा राहून कान लावून. शाळेसमोरचा मोठा गतिरोधक, बाजारातलं अरुंद वळण, पाण्याच्या टाकीपाशी गाडी उलटी फिरवली. काही नाही. इतकं शांत की वहिनीच्या पर्समधल्या किल्ल्या ऐकू येत होत्या. दादाने चढावर ब्रेक दाबला तर गाडी जागच्या जागी थांबली आणि मिस्त्री आमच्या मागच्या काचेला येऊन चिकटला.

खाली उतरून म्हणाला, "झालं." त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

केशकर्तनवाला म्हणाला, "आता आमचं मन कशात रमायचं?"

२१ फेब्रुवारी

धुतली. पुसली. टवक्यांना रंग लावला. सीटला नवं कव्हर — मीच शिवलं, गडद निळं, दुहेरी शिलाई.

२२ फेब्रुवारी

राग आलाय. पण आधी झालं ते लिहिते.

उद्या मेळावा, म्हणून आज बाबांना बसवून बघायचं ठरलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले. गाडीपाशी आल्यावर खांदा सोडला आणि मडगार्डवर हात ठेवला. सगळ्या कडेवरून आतून बोटं फिरवली, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "कड मुडपलीत होय. चांगली बसलीय," म्हणाले. मिस्त्री लाजला. खरंच लाजला.

दार उघडलं. पायरीवर पाय ठेवला आणि बसले! कुठे कण्हणं नाही, कुठे हात द्यावा लागला नाही. तरुण माणूस बसावा तसे. वहिनीने टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सरळ सांगते. बाबा त्यांच्या जागेवर. दोन्ही हात स्टिअरिंगवर, अंगठे आतल्या बाजूला, पूर्वी ठेवायचे तसेच. दादाने किल्ली त्यांच्या हातात दिली.

आणि मग काहीच नाही. बसून राहिले. किल्ली मुठीत. समोर बघतायत. दादा म्हणाला, "बाबा, लावा की. कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." तर म्हणाले, "नको." मी म्हटलं, "अहो, एकच चक्कर." तर म्हणाले, "नको म्हटलं ना." उतरले आणि माझ्या खांद्याची वाट न बघता, एका हाताने भिंत धरत, आत गेले. दार लावून घेतलं.

आम्ही चौघं अंगणात. दादा म्हणाला, "सीटचा रंग आवडला नसेल." मिस्त्री म्हणाला, "ब्रेक आवडले नसतील." वहिनी म्हणाली, "दमले असतील."

आणि मी? मी काय म्हणू? दुकान सोडून गाडीखाली लोळले. दादाला वाळूच्या पोत्यांशी तोललं. घरातलं पीठ संपवलं. कशासाठी? एक चक्कर! एवढं सगळं जमवल्यावर एक चक्कर मारायला काय जात होतं त्यांचं? गुडघा तर असा वाकला की माझाही वाकत नाही. मग आता काय कारण? उद्या विचारणारच आहे मी. काही झालं तरी विचारणार.

२३ फेब्रुवारी

विचारावं लागलं नाही.

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच बाहेर आले. दादाने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं होतं. बाबा बोनेटवर हात टेकत टेकत पलीकडे गेले, शेजारच्या सीटवर बसले आणि किल्ली माझ्यापुढे धरली. म्हणजे मी होते त्याच्या जरा बाजूला धरली.

"गुडघ्याला काही झालेलं नाही," म्हणाले. "मला दिसत नाही गं. वर्ष होत आलं. गुडघा म्हटलं तर तुम्ही गाडी ठेवाल. डोळे म्हटलं असतं तर विकली असतीत."

दादाने दार लावलं आणि वहिनीसोबत मागे हौद्यात चढला. मी गाडी सुरू केली.

"आता सांगत राहा," बाबा म्हणाले. "काय काय दिसतंय ते."

मैदान येईपर्यंत मी सांगत होते.